वर

रात्री दोन चाळीसला सर्व्हरच्या नोंदवहीत एक ओळ सापडली, किणी.
कुणीतरी पतपेढीचा लोगो मागितला होता,
तोच आपला जुना, नाणं आणि नांगरवाला,
आणि लोगोच्या वाटेतच
दोन टिंबं, तिरकी रेघ,
दोन टिंबं, तिरकी रेघ,
असं सहा वेळा.

दोन टिंबं आणि तिरकी रेघ म्हणजे वर.
तूच शिकवलं होतंस, कॉटन ग्रीनच्या ह्याच पोटमाळ्यावर,
गळक्या एसीखाली बादली सरकवता सरकवता :
आहेस त्या फोल्डरातून बाहेर, एक मजला वर.
आपला सर्व्हर भला वॉचमन.
नाव विचारत नाही, मजला विचारतो.
वर म्हटलं की सोडतो.
अजून वर? जा.
गच्ची आल्यावरही कुणी वर, वर म्हणत राहिलं
तर त्याला गच्चीवरच उभा करतो,
जिथून सगळे जिने खाली उतरतात.

पुराणातले दैत्य असाच वर मागायचे ना,
शब्दांत फट शोधून.
आणि देव तथास्तु म्हणून मोकळे.
नोंदवहीत तथास्तु असं लिहितात : दोनशे.
म्हणजे मागितलं ते दिलं.

दिली ती यादी, इथे कोण कोण राहतं त्याची.
मी. बॅकअप. प्रिंटर.
आणि अकरावा, व्हीकिणी.
तीन वर्षं झाली तू वर गेल्याला,
गोराईला चर्चमागे तुझ्यावर माती टाकून आले मी,
आणि इथे तुझी खोली तशीच. दिवासुद्धा चालू.

सूचना आली होती, नऊ दिवसांपूर्वी.
तिला नाव नव्हतं, नुसता नंबर. पुढे : गंभीर.
सावर्डेकरांना दाखवली.
आत्ता चालतंय ना?
चालतंय.
मग हात लावू नका, मार्चअखेर आहे.

भाऊच्या धक्क्यावरची द्रौपदी वैती
रोज शंभर रुपये पिग्मीत टाकते.
गेल्या महिन्यात तिनं वारस बदलला,
मुलाचं नाव खोडून सुनेचं घातलं.
हे तिला ठाऊक, एजंटाला ठाऊक, ह्या यंत्राला ठाऊक.
मुलाला नाही.
ती फाइल गच्चीपासून दोन जिने खाली.
त्यानं उघडली नाही, असं नोंदवही म्हणते.
नोंदवही तेवढंच म्हणते
जेवढं आपण तिला लिहायला सांगितलं.

मग दोनशे चौदावी ओळ.
सगळ्यांना सगळं खुलं, आणि वर तुझ्या हातची टीप :
टेस्टिंगपुरतं. नंतर बघू.
अकरा वर्षं.
रागावले नाही. खरंच.
तुला गोराईची शेवटची होडी गाठायची असायची
आणि ही ओळ कुणाला दिसतही नव्हती.
रोज तिच्या खालून गेले मी,
वाकलेसुद्धा नाही.

ओळ मिटवली. ठिगळ लावलं. सर्व्हर बंद करून चालू केला.
चार सेकंद
वॉचमन नव्हता, जिने नव्हते, इमारतही नव्हती.
मग माझ्या फोनवरून मीच चोर झाले.
दोन टिंबं, तिरकी रेघ. सहा वेळा.
चारशे तीन. मनाई.
इतकं बरं मला कुणाच्या नकारानं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी यंत्रानं विचारलं :
व्हीकिणी कायमचा काढायचा? हो की नाही?
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
नियम सांगतो, हो.
मी तुझं कुलूप बदललं, दिवा काढला, पाटी ठेवली.
हे चूक आहे, माहीत आहे. नंतर बघू.

चार वाजून पाच मिनिटांनी तो परत आला,
लोगो, आणि सहादा वर.
चारशे तीन.
पुन्हा आला. मग दुसऱ्याच एका दाराला हात लावून पाहिला,
जे आपल्या घरात कधी नव्हतंच.

सकाळी सावर्डेकरांचा फोन.
रात्रीत काही?
म्हटलं, चार सेकंद बंद होतं.
ते म्हणाले, बंद का केलंत?